खुंट्यांवर टांगलेले शब्द

मित्रांनो, मी एक जुनं खुंटाळं आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकलं असेल, कोण जाणे! एक सागवानी पट्टी आणि तिच्यात कपडे अडकवायला ठोकलेल्या पाच खुंट्या, एवढाच माझा संसार. इंदूरला छत्रीबागेत संताजीरावांच्या घरी मी राहतो. त्यांचे पूर्वज संस्थानी फौजेत होते आणि त्यांच्या पगड्यांसाठी मला मुद्दाम घडवलं, असं घरात सांगतात. खरं म्हणजे दाराची चौकट करून लाकूड उरलं, त्यातून सुताराने मला उरकून टाकलं. पण पगडीची गोष्ट मला आवडते, म्हणून मी गप्प बसतो.

पगड्या गेल्या, टोप्या आल्या. मग छत्र्या आल्या, दप्तरं आली, ओले रेनकोट आले. मी कधी कुरकुरलो नाही. पाहुणे म्हणायचे, "काय मजबूत लाकूड आहे!" आणि मी आणखी ताठ व्हायचो. मग घर नव्याने बांधलं, आरशाची कपाटं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे माझ्या अंगावर सायकलचा पंप आणि एक फाटकी पिशवी होती. एका कोळ्याने तर हक्काने बिऱ्हाड थाटलं.

आता सुनीताची गोष्ट सांगतो. सुनीता ही संताजीरावांची सून. गल्लीतल्या छोट्या औषधांच्या दुकानात ती बरीच वर्षं कामाला होती. औषधं तिला पाठ होती, पण नावाने नव्हेत, डब्याच्या रंगाने! निळी पट्टी पोटाची, हिरवा कोपरा खोकल्याचा. ते दुकान बंद झालं, तेव्हा तिने विजय नगरच्या एका मोठ्या रुग्णालयात औषध-भांडारातल्या नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखतीत तिच्यापुढे डबे ठेवलेच नाहीत. साध्या कागदावर नुसते शब्द छापलेले होते, आणि तिला एकाचाही अर्थ सांगता आला नाही. "तयारी करून महिन्याने एकदा या," असं त्यांनी सांगितलं. ती शेवटची संधी होती.

ती घरी आली, तेव्हा संताजीराव तिला धीर देत म्हणाले, "टेन्शन नको घेऊ, सूनबाई. आणि हो, तो अटालेवाला गल्लीत आलाय. जिन्याखालचं ते लाकूड पण देऊन टाक, फालतू जागा घेरून बसलंय."

इंदुरात भंगाराला अटाला म्हणतात, जसं भावाला भिया. ते फालतू लाकूड म्हणजे मी! सुनीताने मला भिंतीवरून उतरवलं, मांडीवर घेतलं आणि पायरीवर बसून रडायला लागली. मला वाटलं, माझ्यासाठीच रडते आहे. एवढं कुठलं आपलं भाग्य!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू निशिगंधा खाली आली. ती मूळची सांगलीची, इथल्या फार्मसी कॉलेजात शिकवते.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही हो, निशीताई. ते इंग्लिशचे लंबे-लंबे शब्द पाहिले की दिमागच बंद पडतो माझा. मी हिंदी मीडियमवाली, मला कुठून येणार ते?"

"ट्रकवर काय लिहिलेलं असतं?"

"ट्रान्सपोर्ट."

"ट्रान्स म्हणजे पलीकडे आणि पोर्ट म्हणजे वाहून नेणं. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतले तुकडे आहेत हे. आपल्याकडे नाही का आहार, विहार, प्रहार? हार तोच, पुढचा तुकडा बदलला की अर्थ बदलतो."

सुनीताने डोळे पुसले. "म्हणजे एक्स्पोर्टमध्ये पण तेच पोर्ट? बाहेर नेणं?"

"बघा, आलं की!"

निशिगंधाने औषधांचे रिकामे खोके कापले, प्रत्येक तुकड्यावर एकेक शब्दांश लिहिला, भोक पाडून दोरा ओवला आणि तुकडे माझ्या खुंट्यांवर टांगले. मी पुन्हा भिंतीवर आलो, तेही थेट स्वयंपाकघरात! एका खुंटीवर 'सब', म्हणजे खाली. शेजारी 'लिंग्वा', म्हणजे जीभ. झालं सबलिंग्वल, जिभेखाली ठेवायची गोळी. 'सब' काढून 'इंट्रा' लावलं, 'लिंग्वा' काढून 'व्हीना' लावलं, की शिरेच्या आत दिलं जाणारं इंट्राव्हीनस. त्वचेचं 'क्यूटिस'ही एका खुंटीवर लटकत होतं. पोळ्या लाटता लाटता सुनीता माझ्याकडे बघायची आणि पुटपुटायची. कोळ्याने दुसरीकडे जागा शोधली.

संताजीरावांनाही नाद लागला. एक दिवस ते बाहेरून आले तेच छाती फुगवून. "इम्पॉसिबल म्हणजे अशक्य. म्हणजे इम् म्हणजे नाही. पोर्ट म्हणजे नेणं. म्हणून इम्पॉर्टंट म्हणजे जे उचलून नेताच येत नाही ते! आपली लोखंडी पेटी बहुत इम्पॉर्टंट आहे, असं सांगून आलो सगळ्या गल्लीला."

निशिगंधा हसता हसता खाली बसली. "बाबा, तिथे इम् म्हणजे आत. कधी नकार, कधी आत, दोन्ही कामं करतो तो! तुकड्यांवरून अंदाज बांधता येतो, पण खात्री करूनच घ्यायची. औषधाच्या बाबतीत तर नक्कीच."

मी हसू शकत नाही, नाहीतर त्या दिवशी भिंतीवरून पडलो असतो.

मुलाखतीच्या दिवशी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी दार वाजलं. सुनीता आत आली ती पर्स हातात तशीच धरून.

"बाबा, शब्दच नवा दिला हो त्यांनी! आपल्याकडे कधी लावलाच नव्हता. सबक्यूटेनियस!"

"मग?" संताजीराव उठून उभे राहिले.

"पहिले तर घाबरले. मग तोडला त्याला. सब म्हणजे खाली, क्यूटिस म्हणजे त्वचा. सांगितलं, त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन असेल. पण मी हेही बोलले, की सर, हा शब्द मी पहिल्यांदा बघतेय, पक्कं करून मगच औषध हातात देईन."

"ते काय बोलले?"

"बोलले, बरोबर आहे. आणि बोलले, जो पूछ लेता है, वही हमको चाहिए. सोमवारी या."

संताजीराव चपला घालून जिलबी आणायला धावले.

मित्रांनो, लांबलचक शब्द दिसला की पळू नका. त्याचे तुकडे करा, ओळखीचा तुकडा शोधा, आणि मग बेधडक कुणाला तरी विचारा. घरातली जुनी वस्तू अटाल्यात देण्याआधी तिच्याकडेही एकदा नीट बघा. तिला अजून काहीतरी पेलता येत असेल. आम्ही जुनी लाकडं मागतो तरी काय? थोडं काम आणि अधूनमधून एक कोरडं फडकं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सुनीता आणि मी, दोघंच होतो. तिने पदराच्या टोकाने माझ्या पाचही खुंट्या पुसल्या. इतक्या वर्षांत माझ्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "थँक्यू, भिया."