दीपचंद शेठची रडकी गाडी

त्या शनिवारी सकाळी नशिराबादला दीपचंद शेठच्या मागच्या चौकात निम्मं गाव जमलं होतं आणि एका जुन्या काळ्या मोटारीकडे श्वास रोखून बघत होतं. बॉनेट उघडं होतं. निंबा महाराज निखाऱ्यांवर राळ फेकत होते आणि इंजिनातल्या बाईशी बोलत होते. बाई म्हणजे शेठच्या मुलाची, हीरालालची पहिली बायको लाडकुंवर. चार वर्षांपूर्वी बाळंतपणासाठी जळगावच्या दवाखान्यात नेताना ती याच गाडीत वारली होती. आता हीरालालची दुसरी बायको चंद्रकांता गाडीत बसली, की इंजिन गळा काढून रडायचं. पुरुष बसले की गाडी शहाण्यासारखी चालायची. एवढा पुरावा गावाला पुष्कळ होता.

"सवत शे ना, सहन होत नही तिले," महाराज म्हणाले. "गाडी चालूच ठेवा. तिले रडी घेऊ द्या."

चंद्रकांता आत नसतानाही इंजिन किंचाळत होतं, कारण आज महाराजांनी स्वतः बाईला बोलावलं होतं, असा खुलासा झाला. लिंबू कापून झालं, धूर झाला, मंत्र झाले आणि रडणं बारीक होत थांबलं. लोकांनी हात जोडले. महाराजांना गहिवरून आलं. त्यांना ते वेळेवर यायचं.

चंद्रकांता हे माडीच्या खिडकीतून बघत होती. सात शनिवार होईपर्यंत तिने उंबरा ओलांडायचा नाही, असा महाराजांचा हुकूम होता आणि हा दुसराच शनिवार. दोन आठवड्यांनी जळगावला तिची बी.ए.ची शेवटची परीक्षा होती. लग्नामुळे अर्धी राहिलेली पदवी ती सासऱ्यांची मिनतवारी करून पुरी करत होती. यंदा परीक्षा हुकली तर पुन्हा फॉर्म कुणी भरू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाडकुंवरच्या पलंगावर झोपायचं, तिच्याच आरशात बघायचं आणि आता तिच्या रडण्याची शिक्षाही भोगायची. दार बाहेरून लोटलेलं असायचं. तिला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता.

सोमवारी सकाळी ड्रायव्हर पितांबरने चौकात गाडी चालू केली आणि ती रडायला लागली. आत कुणी नव्हतं, महाराजही नव्हते. पितांबर खुशाल काचा पुसत राहिला. चंद्रकांताने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चार मिनिटांनी गाडी गप्प झाली, मग पितांबर ती शेठच्या हायवेवरच्या दुकानाशी घेऊन गेला. शेठ आणि हीरालाल तिथूनच गाडीत बसत. मंगळवारी तेच झालं, बुधवारीही तेच.

आता तिला उलगडा झाला. घरच्या बायकांनी रस्त्यावर उभं राहून गाडीत चढायचं नाही, अशी घरची रीत. म्हणून ती चौकातच गाडीत बसायची आणि मग थंड इंजिन चालू व्हायचं. पुरुषांपुढे गाडी यायची तोवर तिचं रडून झालेलं असायचं.

पुढच्या शनिवारी गर्दी जमल्यावर चंद्रकांता घुंघट घेऊन खाली उतरली. हीरालालने तिला आत जायची खूण केली. ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबूजी, आज राळ नको, लिंबू नको. गाडी नुसती चालू करा. ती आपोआप गप्प झाली नाही, तर मी परीक्षेचं नाव काढणार नाही."

मंत्राशिवाय गाडी पेट घेईल, असं महाराजांनी बजावलं. शेठ व्यापारी माणूस, सौदा त्यांना कळला. त्यांनी महाराजांना बसायला सांगितलं.

पितांबरने किल्ली फिरवली आणि गाडी रडायला लागली. चार मिनिटं झाली तरी रडणं थांबेना. गर्दीत कुणीतरी हसलं. चंद्रकांता गाडीजवळ जाऊन उभी राहिली. मग आवाज चिरकला, बारीक झाला आणि थांबला. तिने मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. इंजिन मुकाट फिरत राहिलं.

शेठनी पितांबरकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

"डायनामोना पट्टा ढिला शे, शेठ. गाडी चालू करी का डायनामोवर वझं पडस, पट्टा घसरस आन् वरडस. बॅटरी भरानी का गप्प व्हस."

महाराज त्याचे मेहुणे होते. ही गोष्ट त्यानेच त्यांना सांगितली होती आणि त्यांनी त्याला तोंड बंद ठेवायला लावलं होतं. इंजिन बंद करून त्याने पट्टा अंगठ्याने दाबून दाखवला, तो पार खाली गेला. पाना घेऊन पट्टा ताणायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तेवढ्यात महाराज राळेचं भांडं तिथेच टाकून पसार झाले.

दीपचंद शेठ मात्र पायरीवर मटकन बसले.

"लाडकुंवरला कळा सुटल्या, तेव्हाही निंबालाच बोलावलं होतं," ते म्हणाले. "दोन तास उतारा चालला होता. गाडी इथेच उभी होती."

चंद्रकांताला रडू आलं, तिने ते लपवलं नाही.

"बाबूजी, गाडी रडली तर बॉनेट उघडायचं. माणूस रडलं तर दवाखाना गाठायचा. मध्ये कुणाला येऊ द्यायचं नाही."

रविवारी सकाळी थंड गाडी चालू झाली, तेव्हा चौकात इंजिनाच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. परीक्षेच्या दिवशी चंद्रकांता पुढच्या दाराने बाहेर पडली आणि रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, गाडीत बसली.