कुलूपबाईचं पत्र

नोकरीच्या अर्जाला जोडायचं पत्र कसं लिहावं, यावर कुलूपबाईच्या घरात जो तो मास्तर झाला होता. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेली बाई, आठ महिने घरी बसलेली. आणि तिला शिकवणारे कोण, तर ज्यांनी जन्मात एक नट पिळला नाही ते!

"वहिनी, जुन्या मालकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही," दीर म्हणाले. "'नव्या संधीच्या शोधात' असं लिहा."

"शोधात कुठली, भावजी? हाकललंय मला."

"असं लिहितं का कुणी?"

लेक मोबाइलवर वाचून सांगायची. जाहिरातीतले शब्द उचलून त्यांनाच परत द्यायचे. नम्र राहायचं, पण स्वतःची तारीफही करायची. "आणि आई, उत्साह दिसला पाहिजे."

"लिफ्टला उत्साह लागत नाही गं, ग्रीस लागतं."

तरी तिनं ऐकलं. हात शिवशिवत होते, घर खायला उठत होतं. सात पत्रं अगदी शहाण्यासारखी लिहिली. सातही ठिकाणांहून हूं की चूं नाही.

आठवी जाहिरात एका मोठ्या इस्पितळाची होती, आणि ती नोकरी तिला मनापासून हवी होती. लेकीनं पत्र तयारच ठेवलं होतं: 'मी उत्साही, लवचीक आणि सर्वांशी जुळवून घेणारी...'

कुलूपबाईचं डोकंच फिरलं. "लवचीक? अगं, लवचीक नव्हते म्हणून तर घरी बसले!"

खोटं नव्हतं ते. लिफ्टच्या कामात एक नियम असतो. दुरुस्तीआधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. आत माणूस काम करत असतो, म्हणून मालकानंही त्या कुलपाला हात लावायचा नाही. तिच्या मालकाला मात्र गिऱ्हाइकाची घाई झाली आणि त्यानं कटर मागवून कुलूप तोडलं. ही आली, पिशवीतून दुसरं काढून लावलं. एवढाच तिचा गुन्हा.

तिनं लेकीचं पत्र बाजूला सारलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करते. मालकानं माझं कुलूप तोडलं, मी दुसरं लावलं, म्हणून मला काढलं. धोक्याची लिफ्ट मी बंद करते आणि नीट झाल्याशिवाय सोडत नाही. तुमचीही करीन. चालत असेल तर बोलवा.'

"आई, हे पत्र आहे की धमकी?" लेक म्हणाली. दिरांनी कपाळावर हात मारून घेतला.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

मुलाखत पाचव्या मजल्यावर, अगदी वरती होती. कुलूपबाई लिफ्टमधून बाहेर पडली. मागून चाकांची खाट बाहेर येत होती, वर एक म्हातारे आजोबा. खाट अर्धी आत, अर्धी बाहेर, दार सताड उघडं, आणि लिफ्ट चार बोटं खाली सरकली. तिनं खाट खस्सकन ओढून घेतली. मग रखवालदाराला सोबत घेऊन वरच्या मोटारच्या खोलीत गेली, स्विच पाडला, पर्समधलं कुलूप ठोकलं.

ती खाली आली, तर मुलाखतीचा कारकून थयथयाट करत होता. "मुलाखतीला आलात ना, बाई? आधी ते काढा, नाहीतर नोकरी विसरा!"

 घरी बसलेले आठ महिने तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"विसरले," ती म्हणाली.

दुसऱ्या लिफ्टपुढे ही रांग! दुरुस्ती विभागाचे साहेब पाच मजले जिना चढून आले, तिचं पत्र हातात, नुसते धापा टाकत होते.

"लिफ्ट कुणी बंद केली?"

"मी. दार उघडं असताना हलते ती."

"तुम्ही अजून नोकरीलासुद्धा नाही!"

"लिफ्टला ते ठाऊक नाही, साहेब."

साहेबांनी पत्राकडे पाहिलं. "'तुमचीही करीन'... मला वाटलं, असं लिहायची पद्धत असते."

"माझी नाही."

त्यांनी हात पुढे केला. "चावी?"

कुलूपबाईनं पर्स छातीशी धरली. "ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. मला हत्यारं द्या, नाहीतर कटर आणा. कटर आणलात तर माझ्याकडे दुसरं कुलूप आहे."

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "बाईंना हत्यारांची पेटी आणून दे. आणि जिन्यानं जा."