तिचं सुतक

मनमाडच्या निकिताचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. बाळ गमावलेल्या बायकांच्या एका ऑनलाइन गटात तिची ओळख झाली. ती रेल्वे क्वार्टरमध्ये राहते, एवढंच मला ठाऊक. पण माझी मुलगी जन्मली आणि रडलीच नाही, हे मी पहिल्यांदा सांगितलं ते तिला. झेंडू तोडताना हात गुंतलेले असतात, म्हणून लिहायचं नाही, फोनवर बोलूनच पाठवायचं. तिनं विचारलं, "केस होते का गं तिला?" घरात हे कुणी विचारलं नाही.

घरातले काय विचारणार? दसरा चार दिवसांवर होता. सासूबाई दवाखान्यातच म्हणाल्या, "बाहेर बोलायचं नाय. सुतकातली फुलं देवाला कोण घेईल?" मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला सगळा झेंडू दसऱ्यावरच धरलेला. माझ्या नवऱ्यानं, समर्थनं, मुकाट मान हलवली. बाजारात कुणी विचारलं की सांगायचं, अजून दिवस भरायचेत. दूध आटावं म्हणून छातीला फडकं बांधून मीही फोनवर तेच सांगत होते. रडू फुटलं की सासूबाई दार ओढून घ्यायच्या आणि बाहेर ओट्यावर तोरणं ओवत बसायच्या. त्या तोरणांना काडी लावावीशी वाटायची मला.

आज सकाळी चूक झाली. फुलबाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर किती माल येणार ते मी रोज बोलून टाकते आणि मग निकिताशी बोलते. आज निकितासाठी बोललेलंही तिथंच गेलं. छातीचं फडकं, ओढलेलं दार, लपवलेलं सुतक, सगळं अडत्यांनी ऐकलं, देवळाबाहेर हार विकणाऱ्यांनीही ऐकलं.

समर्थ बाजारातून तरातरा परत आला. दोघा अडत्यांनी आमचे क्रेट उतरवूच दिले नव्हते. लक्ष्मीपूजन तोंडावर आणि मी घराचं नाक कापलं, म्हणे. घरात आई असताना कुठल्या कोण बाईपुढे रडगाणं गायला लाज कशी वाटली नाही, हेही झालं. आत्ताच्या आत्ता गटावर बोल, म्हणाला, की डोकं ठिकाणावर नव्हतं, उगाच काहीबाही बरळले. सासूबाईंनी लगेच री ओढली.

मी समर्थला विचारलं, "तुम्ही ऐकलंत का ते?"

"मला कशाला ऐकायला पाहिजे? फकिरा अडत्यानं सांगितलं ना."

म्हणजे अख्ख्या फुलबाजारानं माझं रडणं ऐकलं आणि जिच्यासाठी रडले, तिच्या बापानंच नाही. तिला कापडात गुंडाळून नेतानाही यानं वाटेत झेंडूच्या भावाचा फोन घेतला होता. माझं डोकं असं भणाणलं, की हात उगारला जाईल याची मलाच भीती वाटली. परक्या बाईपुढे रडले म्हणे. आपलं असं कोण होतं इथं?

मी फोन उचलला. मी नीट बोलते ना, हे बघायला समर्थ जवळ सरकला. सासूबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं.

"मी मखमलाबादची मंजुषा बोलतेय. सकाळी ऐकलंत ते खरं आहे. मला मुलगी झाली होती, ती गेली. तिचं सुतक या घरानं धरलं नाही. आजपासून मी धरलंय. दहा दिवस आमच्या मळ्यातलं फूल देवाला वाहू नका."