पाठमोरी खुर्ची

हिवाळ्यातलं साडेचारचं ऊन आमच्या सावेडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत तिरकं उतरतं, तेव्हा मंदाच्या बोटांना मेथीचा किंचित कडसर, हिरवा दरवळ असतो. जुडी सोडायची, पान खुडायचं, काडी बाजूला टाकायची, या तिच्या हालचालींत अशी एक संथ, अविचल लय असते की नुसतं पाहतानाही मन निवळत जातं. तिला कुठल्याच कामाची घाई नसते.

घाई मला असते. मंदा माझी पत्नी. माहेर तिसगावचं, शिक्षण सातवीपर्यंत. मी शहरातल्या एका शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे घरातलं पांडित्य माझ्याकडेच, याविषयी निदान मला तरी शंका नव्हती. आमची एकुलती एक लेक सई दहावीला गेली, तेव्हा मी तिच्या टेबलासमोर खुर्ची टाकली आणि रोज शाळेतून आल्यावर तिथं ठाण मांडू लागलो. घरी तिचं एकही गणित चुकत नसे. आणि शाळेच्या चाचणीत पोरगी अर्धा पेपर कोरा ठेवून, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परत आली! मी हबकलो. येतं सगळं, मग घोडं अडतं कुठं?

ते मंदानं शोधलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती दोन दिवस आम्हां बापलेकींना नुसती न्याहाळत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला गॅलरीत बोलावलं.

"अहो सर, पोरगी वहीत बघतच न्हाई. एक वळ लिहिती आन् तुमच्या तोंडाकडं बघती. तुमच्या भुवया वर गेल्या की खोडती. परीक्षेला काय तुमच्या भुवया जानार हायेत का तिच्यासंगं?"

मी चिडलो. चांगलाच चिडलो, कारण ते खरं होतं. मी एक शब्दही सांगत नाही, या अभिमानात मी होतो, आणि माझा चेहराच तिला सगळी उत्तरं फोडून देत होता. मंदा शांतपणे म्हणाली, "आमच्या दादांनी पाठीला डबा बांधून मला हिरीत पवायला शिकवलं. पर एक दिस डबा सोडलाच की. जनमभर बांधून ठिवला असता, तर आलं असतं व्हय पवायला?"

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गॅलरीत गेली, आणि तीही सईकडे पाठ करून. मांडीवर मेथीची जुडी आली. स्वतः मंदा टेबलापाशी, जमिनीवर, तांदळाचं ताट घेऊन बसली.

काय सांगू तुम्हाला, ते दिवस किती कठीण गेले! पाठीमागच्या प्रत्येक ध्वनीचा अर्थ मला कळायचा: पेन सरसर चाललं, थबकलं, करकर खाडाखोड झाली, एक दीर्घ निःश्वास. मी काड्या ठेवून पानं फेकायचो. एका दुपारी तर पाऊण तास पेन हललं नाही. "बाबा, सांगा ना!" सई रडकुंडीला आली. मी अर्धवट उठलो, तोच मंदाचा आवाज आला.

"काय इचारलंय त्यात? मला वाचून दाखव बरं."

सईनं वाचलं. मंदानं विचारलं, "स्पर्शिका म्हंजी काय गं?" त्यात लबाडी नव्हती, तिला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यायचं होतं.

"वर्तुळाला एकाच ठिकाणी टेकणारी रेघ, आई. तिथं त्रिज्या काढली की काटकोन होतो..." सई बोलता बोलता थांबली. "थांब, थांब! काटकोन आहे की!"

पेन सुटलं ते थांबेना. मग वही मिटल्याचा आवाज आला, आणि मी सावरून बसलो. आता ती येणार, वही पुढं करणार, 'बाबा, बघा ना' म्हणणार. सई उठली आणि माझ्याकडे न वळता सरळ स्वयंपाकघरात गेली. "आई, भूक लागलीय, काय आहे खायला?"

खोटं कशाला बोलू, काळजात चर्र झालं. आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मी हळूच मंदाला म्हटलं, "उत्तर तरी पाहू दे."

"तिचं समाधान झालंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या."

सईनं पुढची सगळी गणितं आपली आपण सोडवली. आता ती पुण्यात शिकते. फोनवर मेसच्या भाजीला नावं ठेवते, मैत्रिणींचे किस्से सांगते, अभ्यासाचा मात्र चकार शब्द नाही. आणि मीही विचारत नाही. "शिकलात की तुमी बी," मंदा हसून म्हणते.

सईच्या जुन्या वह्या तिच्या टेबलावर तशाच आहेत. हात लांबवला तर दिसेल, पण त्या दुपारचं उत्तर बरोबर होतं की चूक, हे मला आजही ठाऊक नाही. जन्मभर इतरांची उत्तरं तपासत आलेल्या माझ्यासारख्या माणसापाशी, लेक दूर गेलेल्या या घरात, काळानं ही एवढीच आठवण न तपासलेली ठेवली आहे, आणि ती तशीच असू द्यावी असं मला मनापासून वाटतं.