लंकाबाईचा तिरपा दांडा

लंकाबाई जाऊन चार महिने झाले आणि मागच्या अंगाची तिसरी खोली रिकामी झाली.

नाशिक रोडला मल्हारी गांगुर्ड्यांच्या भाड्याच्या चार खोल्या. जागा त्यांच्या ओव्हरटाइमातून घेतलेली, पण खोल्या उभ्या केल्या त्यांच्या बायकोनं, लंकाबाईनं. एकेक करून, अठरा वर्षांत. भाडेकरू पारखायचे, करार करायचे, गळका नळ, तुंबलेली मोरी, सगळं तिच्याकडं. मल्हारी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर. शिफ्ट संपवून यायचे, जेवायचे, झोपायचे. रिटायर झाल्यावरही त्यांनी खोल्यांत लक्ष घातलं नाही. ती असताना गरजच पडली नाही.

तिसऱ्या खोलीत माजिदा म्हाताऱ्या आईला घेऊन नऊ वर्षं राहिली आणि आता स्वतःच्या घरात गेली. लंकाबाईला भाड्यापेक्षा याचंच कौतुक. "माझ्या खोल्यांतून पाच बिऱ्हाडं स्वतःच्या घरात गेली," असं ती भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायची. माजिदाचं सहावं. ते सांगायला ती राहिली नाही.

एजंट शेखर दुसऱ्याच दिवशी हजर. "काका, हे तुमचं काम नाही. काकूंची गोष्ट वेगळी होती. चारही खोल्या मला चालवायला द्या. कॉट टाकून पोरं भरतो. तुम्ही नुसतं झोपाळ्यावर बसा."

"झोपाळा नाही माझ्याकडं."

"तोही आणून देतो की!"

मल्हारींना राग आला, कारण तो खरं बोलत असेल अशी भीती त्यांनाही होती. "ही खोली मी देऊन दाखवतो," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत भाड्यानं नाही गेली, तर चारही तुझ्या."

ते कामाला लागले. भिंती घासल्या, रंग दिला, मोरीत आणि संडासात नव्या फरशा बसवल्या. लंकाबाईनं ठिकठिकाणी काहीबाही ठोकून ठेवलं होतं. दाराशी एक बुटकी फळी, संडासात भिंतीला लोखंडी दांडा. दांड्यावर सुतळी गुंडाळलेली आणि दांडा वाकडा. लेव्हलची पट्टी लावली, तर तिच्यातला बुडबुडा पार टोकाला पळाला. चौतीस वर्षं मशिनी बसवणाऱ्या माणसाच्या घरात हे! "कसला मिस्त्री धरला होतास गं," ते मोठ्यानं म्हणाले, आणि सगळं उपटून जिन्याखाली पोत्यात टाकलं.

खोली आरशासारखी झाली. चार जण बघून गेले. मस्त आहे म्हणाले, कळवतो म्हणाले. कुणी कळवलं नाही.

महिना संपायला दोन दिवस असताना संध्या आली. दवाखान्यात नर्स. सोबत सासू मंगलाबाई, सायखेड्याच्या, दोन्ही गुडघे गेलेले. "माजिदाताई माझे ब्लाउज शिवतात," संध्या म्हणाली. "त्यांनी हीच खोली घ्या म्हणून सांगितलं."

मंगलाबाई दारातच अडल्या. "बसून चप्पल काढायची फळी हाय म्हनली माजिदा. कुठं हाय?"

संध्या संडासात डोकावून आली. तिचा चेहरा उतरला. "काका, इथं दांडा होता ना? माजिदाताईंची आई त्याला धरून उठायची. मी ड्यूटीवर असते, आईंना एकटीनं उठता आलं पाहिजे. त्याच्यासाठी तर आलो."

"भिंत लय गुळगुळीत केली बाबा तुमी," मंगलाबाई म्हणाल्या. "पन तिला धरून उठाया मी काय पाल हाय?"

मल्हारींना हसू आलं आणि लाजही वाटली. ते जिन्याखाली गेले आणि पोतं घेऊन आले. "पाचच मिनिटं थांबा."

संध्यानं संडासात स्टूल ठेवून सासूला त्यावर बसवलं. मल्हारींनी दांडा भिंतीला धरला, आपल्या सवयीनं सरळ. मंगलाबाईंनी जोर केला, पण अर्ध्यातच खाली बसल्या. मल्हारींनी पुढचं टोक थोडं उचललं. पुन्हा थोडं. एका जागी मंगलाबाईंचा हात सुतळीवरून आपसूक वर सरकत गेला आणि बाई उभ्या राहिल्या. मल्हारींनी पेन्सिलनं खूण केली आणि लेव्हल लावली. बुडबुडा पार टोकाला पळाला. तेच टोक.

म्हणजे तो वाकडा नव्हता. तिरपा होता. लंकाबाईनं माजिदाच्या आईला असंच बसवून, उठवून माप घेतलं असणार. ओला हात सटकू नये म्हणून सुतळी. घरी हे कधी बोललीसुद्धा नाही. इतकं चोख काम आपण केंद्रात एकदा तरी केलं का, मल्हारींना आठवेना. त्यांची मान ताठ झाली आणि डोळे भरले. ते लपवायला त्यांनी पोत्यात स्क्रू शोधत बराच वेळ घालवला.

महिनाअखेरीला शेखर करारपत्र घेऊन आला, तेव्हा मल्हारी तिसऱ्या खोलीच्या दाराशी ड्रिल मशीन घेऊन बसले होते.

"मग काका, सही?"

"खोली गेली."

"काय सांगता! दिली कुणी?"

"तुझ्या काकूनं."

शेखर करारपत्र हातात धरून दारातून आत डोकावला.

"सहा बिऱ्हाडं स्वतःच्या घरात गेली तिच्या खोल्यांतून," मल्हारी म्हणाले. "तुझ्या कॉटांवरून किती गेली?" आणि फळीचं एक टोक त्यांनी त्याच्या हातात दिलं. "आलाच आहेस तर धर. आणि सरळ धर, ही सरळच बसवायचीय."