रविवारचा रुमाल

मित्रांनो, माझ्यावर आजवर कुणी हौसेने आडवं झालेलं नाही. मी भिवंडीतल्या एका छोट्या हॉस्पिटलची जुनी ट्रॉली आहे. पेशंटला निजवून ढकलत नेतात ना, ती. आता माझी चाकं कुरकुरतात आणि मीही कुरकुरते. तेवढं ऐकून घ्या.

इथल्याच एका वेल्डिंगच्या शेडमध्ये मी घडले. नवी होते तेव्हा खंडेनवमीला मला झेंडूची माळ घातली होती. डॉक्टर मृणाली म्हणाल्या होत्या, हिच्यामुळे आपली अर्धी धावपळ वाचली. त्यानंतर कोण कौतुक करतंय! लूमवरचे कामगार येतात, त्यांच्या कपड्यांवरचं सूत गळतं आणि माझ्या चाकांत गुंडाळून बसतं. ते काढतात फक्त आमच्या आयाबाई, वळ गावच्या कलावतीमावशी. अंबाड्यातला आकडा काढून एकेक धागा ओढतात आणि मला विचारतात, "तुझेपण गुडघे गेले का गं?"

एरवी आमचं बरं चालतं. पण पावसाळ्यात धबधब्यांचे रविवार आले की आमची दैना होते. सकाळी नाशिक हायवेने गाड्या भरभरून डोंगराकडे जातात, गाणी लावून. दुपारनंतर त्यांतल्याच काही आमच्या दारात थांबतात. कुणी शेवाळावरून घसरलेलं, कुणाचं डोकं दगडावर आपटलेलं. सोमवारी सहा-सात पेशंट, रविवारी चाळीस. आणि बघायला माणसं तीच, एक डॉक्टर, एक सिस्टर आणि मावशी. ट्रॉल्या दोन, त्यातली दुसरी लंगडी. मजा करायला जाणाऱ्यांवर माझा राग नाही हो. पण त्यांच्या मजेचा हंगाम ठरलेला असतो, मग आमची तयारी का ठरलेली नसते, हे मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या जुलैतल्या एका रविवारचं सांगते. दुपारी भाविक नावाचा एक तरुण मुरगळलेला पाय घेऊन आला आणि माझ्यावर निजला. एक्स-रेसाठी त्याला व्हीलचेअरवरून नेलं, तेव्हा जाताना तो माझ्यावर आपला निळा रुमाल टाकून गेला. एसटीत खिडकीतून टाकतात तसा, जागा धरायला. आपल्याकडे रुमालाला फार मान. मी रिकामी उभी होते, पण एकानेही तो उचलला नाही.

तेवढ्यात अंजूरच्या जानकीबाई रिक्षातून उतरल्या. त्यांच्या आजूबाजूच्या शेतांची गोदामं झाली, पण यांनी दोन खाचरं राखली आहेत. भात लावताना चिखलात त्यांच्या बोटाला काहीतरी चावलं होतं. चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने, धरलं असणार, असं समजून त्यांनी हळद दाबली आणि हातातली रोपं लावून संपवली. सून उन्नतीने त्यांना बळेच इथे आणलं होतं. सिस्टरने काय झालं विचारलं, तर गर्दीकडे बघून म्हणाल्या, "चिंबोरी चावली. मना काय न्हाय. पावन्यांचा बघ आदी."

लांबून आलेले ते पाहुणे, त्यांच्या आधी आपण कसं जायचं! सिस्टरचेही हात भरलेले होते, ती पुढे गेली. जानकीबाई बाकावर टेकल्या. मी त्यांच्यापासून तीन हातांवर उभी होते. चाकं असून स्वतःहून सरकता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासाने मावशी फरशी पुसत बाकापाशी आल्या. जानकीबाई पेंगत होत्या. मावशींनी फडकं टाकलं आणि त्यांची हनुवटी वर केली.

"बाय, डोळे उघड बघू."

"उघडेच हायत," जानकीबाई बोबडं बोलल्या.

पापण्या मिटलेल्या होत्या.

मावशींनी रुमाल उचलून कमरेला खोचला. "डॉक्टर, ही चिंबोरी नाही. साप आहे, विषाने पापण्या उचलत नाहीयेत," असं म्हणत त्यांनी नि उन्नतीने जानकीबाईंना माझ्यावर घेतलं. सकाळीच माझ्या चाकांतलं सूत निघालं होतं, म्हणून मी एकदाही अडले नाही. हळदीखाली दोन बारीक खुणा निघाल्या. विषावरचं इंजेक्शन दिलं, श्वासाची नळी घातली. अजून थोडा उशीर झाला असता तर श्वास थांबला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा उन्नती मटकन खाली बसून रडली. भाविक परत आला, त्याने हे पाहिलं. वाईट पोरगा नव्हता. पाय लांब करून दोन तास फरशीवर बसून राहिला. रुमाल त्याने मागितला नाही.

सहाव्या दिवशी जानकीबाई आपल्या पायांनी घरी गेल्या. रुमालाची गोष्ट त्यांना मावशींकडून कळली होती, म्हणून जाताना त्यांनी विचारलं, त्या पोराचा पाय बरा हाय का?

तेव्हापासून दर रविवारी मावशी तोच निळा रुमाल माझ्यावर पसरून ठेवतात. कुणाची जागा, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "येणार आहे एक बाई." मग लोक दुसरीकडे बसतात. पण मार्चमध्ये मावशी निवृत्त होतील. पुढच्या जुलैत रुमाल कोण पसरणार, हे मला ठाऊक नाही. मी थकलेय, मित्रांनो.

तुम्ही धबधब्याला जरूर जा. पाय मुरगळला तर या, आम्ही बघू. फक्त बाकावर शेजारी कुणी बाई 'मला काही नाही' म्हणत पेंगत असेल, तर तिला एकदा डोळे उघडायला सांगा.