पडद्यामागचा ड्राइव्ह

अनाएतोइतका संशयी माणूस अख्ख्या न्नेवी शहरात दुसरा नव्हता. हॉटेलात सूप पुढ्यात आलं की तो आधी चमच्याने तळ ढवळून बघायचा. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, याचा एक डोळा दानपेटीवर असायचा. आणि दुकानदाराने पुढे केलेली वस्तू तर त्याने जन्मात कधी घेतली नव्हती. बुटांचा जोड असो की बेअरिंग, ‘हे राहू दे, आत काय दडवलंयस ते काढ,’ हे त्याचं पहिलं वाक्य. असा माणूस ओनित्शाच्या वीजबाजारात सोमादिनाच्या दुकानाची पायरी चढत होता, म्हणजे प्रकरण अगदी गळ्याशी आलं होतं.

त्याच्या पाइपच्या कारखान्यात मोठा एक्स्ट्रूडर एकच. त्याचा स्क्रू वितळलेलं प्लास्टिक पुढे रेटतो आणि तोंडातून पाइप निघतो. स्क्रू फिरवणाऱ्या मोटरचा वेग ज्याच्या ताब्यात असतो तो ड्राइव्ह सोमवारी धूर काढून मेला. बोअरवेलचा हंगाम ऐन भरात होता आणि गिऱ्हाइकं फाटकाशी येऊन शेजारच्या कारखान्याकडे वळायला लागली होती. आता चुकीचा ड्राइव्ह गळ्यात पडला तर तोही जळणार आणि हंगाम हातचा जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. एवढ्या मोठ्या मोटरचा ड्राइव्ह तयार होता तो फक्त सोमादिनाकडे. बाकीचे दुकानदार लागोसहून मागवू म्हणत होते, आणि अनाएतोचा ड्राइव्ह मेल्याचं एव्हाना बाजारभर झालं होतं.

जळलेला ड्राइव्ह उतरवताना कारखान्याचा इलेक्ट्रिशियन न्दुबिसी चौथ्या बोल्टशी झटत बसला होता.

“मालक, पॅनलचं हे खालचं भोक असं तिरकं कुणी पाडलंय?”

“सोमाने. दुसरं कोण?”

सोमा, म्हणजे हाच सोमादिना, तेव्हा पोरगेला होता. तो ड्रिल मारत असताना अनाएतो मागून ओरडला, पोराचा हात दचकला आणि भोक बोटभर बाजूला गेलं. वर थोबाडीतही सोमानेच खाल्ली होती.

सोमा त्याच्याकडे उमेदवारीला होता. पोराने मालकाच्या घरी राहून वर्षानुवर्षं राबायचं आणि शेवटी मालकाने त्याला स्वतःचं दुकान थाटून द्यायचं, अशी तिथली रीत. दुकान द्यायची वेळ आली तेव्हाच नेमकं गोदामातून तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं गेलं. अनाएतोने सोमाकडे बोट दाखवलं. पुरावा काही नव्हता, संशय मात्र गाडाभर होता. सोमाच्या तोंडाला पानं पुसून त्याने त्याला वाटेला लावलं. पोरगं रडलं नाही, भांडलं नाही, पाया पडून निघून गेलं. तेच अनाएतोला आजवर खुपत होतं. भांडला असता तर त्याच्या मनात काय आहे ते कळलं तरी असतं. पुढे सोमाने स्वतःच्याच हिमतीवर ओनित्शात दुकान थाटलं.

“या ओगा, बसा,” सोमादिना म्हणाला. तिथे मालकाला ओगा म्हणतात, आणि हा अजूनही म्हणत होता. अनाएतोच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

सोमाने बशीत पाहुण्यापुढे ठेवायचं कडवट कोलाचं फळ आणि शेंगदाण्याची तिखट चटणी आणली. त्याने स्वतः एक फोड खाऊन गिळली, तेव्हा कुठे अनाएतोने दुसरी उचलली.

“मोटर तीच ना ओगा, पंचेचाळीस किलोवॅटची?”

“तुला कसं ठाऊक?”

“सात वर्षं पुसलीय मी ती.”

सोमाने काउंटरवर एक नवाकोरा, चकचकीत ड्राइव्ह ठेवला. “हा घ्या. पंचेचाळीसला पंचेचाळीस. स्वस्त आहे, वजनाला हलका आहे. कालच दोघांनी नेले.”

“कशाला नेले?”

“पंपाला. काही तक्रार नाही.”

अनाएतोने बशी बाजूला सारली. “माझा काय पंप आहे? पंपाला सुरुवातीला जोर लागत नाही. माझा स्क्रू थंडगार, घट्ट प्लास्टिकमध्ये रुतलेला असतो. पहिल्या क्षणापासून दीडपट जोर मागतो तो. हे खेळणं दोन दिवसांत राम म्हणेल. मला शिकवतोस?”

“हळूहळू सुरू करा की. होऊन जाईल.” सोमा खाली बघत म्हणाला.

उट्टं काढतोय, अनाएतोला खात्रीच पटली. गोड बोलून, कोला खाऊ घालून गळा कापायचा बेत आहे पोराचा. त्याने दुकानभर नजर फिरवली. मागच्या खोलीला पडदा होता आणि पडद्याखालून एका जाडजूड खोक्याचा कोपरा बाहेर आला होता.

“त्यात काय आहे?”

“ते नाही विकायचं ओगा.”

“का?”

“दुसऱ्यासाठी ठेवलंय.”

“कोण हा दुसरा?”

“आहे एकजण. नेहमी उशिरा येतो.”

अनाएतो उठला आणि सरळ पडदा सारून आत घुसला. खोक्यात त्याच पंचेचाळीसच्या मोटरसाठी, पण दीडपट जोर सोसणारा दणकट ड्राइव्ह होता. काउंटरवरच्यापेक्षा वजनाला जवळपास दुप्पट.

“हा हवा मला.”

“ओगा, ते गिऱ्हाईक...”

“तो बसेल बोंबलत. मला खेळणं दाखवतोस आणि माल आत दडवतोस? हे कुणाकडून शिकलास?”

भावावरून थोडी घासाघीस झाली, पण सोमाने फार ताणलं नाही. हे आणखी वाईट होतं. सोमाने खोकं गाडीत चढवलं, वाकून नमस्कार केला, आणि न्नेवी येईपर्यंत अनाएतो धुमसत राहिला. इतक्या सहज सोडला? म्हणजे यातही पाणी मुरतंय.

कारखान्यात खोकं उघडलं तेव्हा ते दिसलंच. ड्राइव्ह एका लोखंडी प्लेटवर आवळलेला होता आणि प्लेटच्या चारी कोपऱ्यांना भोकं पाडलेली होती. कंपनीतून आलेल्या नव्या मालाला अशी भोकं नसतात.

“वापरलेला आहे! कुणाच्या तरी भिंतीवरचा उतरवून माझ्या गळ्यात मारला. न्दुबिसी, ड्रायव्हरला सांग, गाडी काढ म्हणावं. आत्ताच्या आत्ता जाऊन त्याच्या डोक्यात घालतो हा.”

बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं. न्दुबिसी प्लेट उलटसुलट करून बघत होता.

“मालक, ड्राइव्ह कोरा आहे. धुळीचा कण नाही. पण हे खालचं भोक बघा, बोटभर बाजूला गेलंय.”

“मग? आंधळ्याने पाडलं असेल.”

न्दुबिसी ड्राइव्ह पॅनलपाशी घेऊन गेला. वरचे दोन बोल्ट बसले. खालचा डावा बसला. चौथा त्याने तिरक्या भोकात सोडला आणि तो दोन बोटांनी फिरवत सरळ आत गेला.

अनाएतो बघत राहिला. ते भोक कुठे आणि किती चुकलंय हे जगात ज्या हाताला ठाऊक होतं, तो हात एकच होता. नेहमी उशिरा येणारं ते गिऱ्हाईक कोण, ते त्याला आता कळलं. पुढे केलेलं ओगा घेणार नाहीत हे पोराला पक्कं माहीत होतं, म्हणून त्याने योग्य वस्तू पडद्यामागे ठेवली, आणि खोक्याचा कोपरा बाहेर राहील एवढंही बघितलं. अनाएतोला लाज वाटली. ती लपवायला जवळ शिवीसुद्धा नव्हती.

न्दुबिसीने बटण दाबलं. स्क्रू कण्हला, क्षणभर अडला, मग वळला. थोड्या वेळाने तोंडातून पाइप सरकत बाहेर यायला लागला.

“मालक, गाडी बंद करायला सांगू?”

“नको. ओनित्शाला जायचंय.”

“आता कशाला?”

“सोमाचं दुकान द्यायचं राहिलंय.”

गाडीत बसल्यावर त्याला नवाच संशय खायला लागला आणि ओनित्शाची वेस आली तरी तो सुटेना. आपण हात पुढे करू, पण पोरगं घेईल का? पुढे केलेलं घ्यायचं नाही, हे त्याला सात वर्षं आपणच तर शिकवलं होतं.